अमेरिकी आरमाराचा जहाजकोश व ठाण्यांचे इतिहास : एक परीक्षण

ह्या त्रैमासिकाच्या पानांवर अमेरिकेच्या आरमाराचा विषय पाहून आमच्या कित्येक वाचकांस आश्चर्य वाटेल. ज्यांचा दिवस मोडी रुमाल सोडण्यांत व सनदांच्या तारखा जंत्रीशीं ताडून पाहण्यांत जातो, त्यांना पॅसिफिक महासागरांतील तेलवाहू जहाजांशीं काय करावयाचें आहे, असा प्रश्न साहजिक आहे. त्यास आमचें उत्तर असें कीं, विषय परका असला तरी व्याधि आपल्या घरचीच आहे. एका बाजूला सुबक, वाचनीय, सर्वांच्या तोंडीं बसलेलें निवेदन. दुसऱ्या बाजूला रूक्ष, त्रुटित, कोणी न उघडलेला कागद. आणि दोहोंमध्यें मेळ नाहीं. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘साधनां’च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींची जी झाडाझडती घेतली, तिचें मर्म हेंच होतें. ज्या राष्ट्राजवळ कागदांची वाण नाहीं व द्रव्याचीही नाहीं, त्यानें आपल्या जहाजांचे इतिहास कसे लिहिले आणि ते लिहितांना कोठें ठेंच खाल्ली, हें पाहिल्यास आपल्या दप्तरांकडे पाहण्याची दृष्टि अधिक निवळेल, अशा समजुतीनें हें परीक्षण लिहीत आहों.

(१) विवेच्य ग्रंथ

परीक्षणास आम्हीं मुख्यतः दोन ग्रंथ घेतले आहेत. पहिला ‘डिक्शनरी ऑफ अमेरिकन नेव्हल फायटिंग शिप्स’. ह्यास यापुढें आम्ही ‘जहाजकोश’ म्हणूं. अमेरिकी आरमाराच्या इतिहासखात्यानें हा आठ खंडांत प्रसिद्ध केला. पहिला खंड १९५९ सालीं निघाला व शेवटचे दोन १९८१ सालीं. पुढें पहिल्या अक्षरापुरता सुधारलेला भाग १९९१ सालीं छापला गेला, आणि आतां सर्व मजकूर आंतरजालावर कोणासही मोफत वाचावयास मिळतो. राष्ट्राच्या आरंभापासूनच्या हजारों जहाजांचीं चरित्रें वर्णानुक्रमानें देण्याचा हा उद्योग आहे. दुसरा ग्रंथ ‘बिल्डिंग द नेव्हीज बेसिस इन वर्ल्ड वॉर टू’. आरमाराच्या बांधकामखात्यानें १९४७ सालीं दोन खंडांत तो काढला. त्यांत स्वदेशांतील गोद्यांपासून दूरच्या बेटांवरील ठाण्यांपर्यंत जें जें बांधलें त्याची हकीकत आहे. पूरक म्हणून रिअर ॲडमिरल वॉरल कार्टर यांचा १९५३ सालचा ‘बीन्स, बुलेट्स अँड ब्लॅक ऑइल’ हा ग्रंथही आम्हीं पाहिला. शिधा, दारूगोळा व जळतें तेल हीं तीन नांवें मथळ्यावर घालून ग्रंथकारानें आपला विषय पहिल्या ओळींतच उघड केला आहे.

एवढा अफाट संभार एका संस्थेनें दोन पिढ्या खपून तडीस नेला, ही गोष्टच नमस्कार करण्याजोगी आहे. पुढें जे दोष दाखविले आहेत ते ह्या नमस्कारानंतरचे आहेत, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

(२) जहाजकोशाची घडण

ग्रंथाचें तात्पर्य ठरविण्यासाठीं मीमांसकांनीं सहा लिंगें सांगितलीं आहेत. त्यांत उपक्रम व उपसंहार हें पहिलें. जहाजकोशास ही कसोटी लावली असतां गंमत दिसते. लेखाचा उपक्रम बहुधा नामनिर्वचनानें होतो : हें नांव कोणत्या नदीचें, नगराचें, ताऱ्याचें किंवा वीराचें. मग वजन, लांबी, रुंदी, तोफा, मग जहाज पाण्यांत सोडल्याचा दिवस, तें सोडणारी बाई कोण, पहिला कप्तान कोण, मग मोहिमा, आणि उपसंहार एका ठराविक वाक्यानें, कीं ह्या जहाजास महायुद्धांतील सेवेबद्दल अमुक इतके ‘बॅटल स्टार’ म्हणजे रणतारे मिळाले. माहात्म्याच्या शेवटीं फलश्रुति यावी, तसें हें वाक्य येतें. फलश्रुति वाचून श्रोत्याच्या मनांत जो ग्रह होतो, तोच येथें होतो : तारे अधिक तें जहाज थोर.

ह्या मापाचा खोटेपणा कोशच दाखवितो. ‘एंटरप्राइझ’ ह्या विमानवाहू जहाजास वीस तारे मिळाले. तें त्याच्या पराक्रमास शोभणारेंच आहेत. परंतु ‘व्हेस्टल’ नांवाचें एक दुरुस्तीचें जहाज होतें. तें १९०८ सालीं पाण्यांत सोडलेलें. ७ डिसेंबर १९४१ रोजीं पर्ल हार्बरांत तें ‘ॲरिझोना’ ह्या युद्धनौकेच्या कुशीस बांधलेलें होतें. ‘ॲरिझोना’ उडाली तेव्हां ‘व्हेस्टल’चा कप्तान कॅसिन यंग पाण्यांत फेंकला गेला, पोहत परत आला, आणि जहाज सोडण्याचा हुकूम फिरवून त्यानें तें उथळ पाण्यांत नेऊन टेंकविलें. हें तर प्रसिद्ध आहे. पण पुढें एस्पिरितु सांतु बेटाच्या बंदरांत ह्याच म्हाताऱ्या जहाजानें बारा महिन्यांत २७९ जहाजांवर व किनाऱ्यावरील २४ ठिकाणीं मिळून ५,६०३ कामें केलीं. जीं जहाजें तेथून नीट होऊन पुन्हां लढाईस गेलीं, त्यांच्या ताऱ्यांत ‘व्हेस्टल’चा वांटा किती ? त्याच्या स्वतःच्या नांवावर दोनच तारे आहेत. हा आंकडा शेवटच्या वाक्यांत येतो व ५,६०३ हा आंकडा मध्येंच कोठेंतरी येतो. मीमांसेच्या भाषेंत बोलावयाचें तर, येथें अर्थवादानें विधीची जागा बळकावली आहे.

दुसरा दोष खंडांच्या विषमतेचा. पहिल्या खंडांतील चरित्रें आंखूड, कित्येक तर पांच-सात वाक्यांचीं. शेवटच्या खंडांत तींच विस्तृत व सावकाश. संपादकांस अनुभवानें शहाणपण येत गेलें हें त्यांस भूषणावह आहे. पण परिणाम असा झाला कीं, वर्णमालेच्या आरंभीं ज्याचें नांव पडलें तें जहाज गरीब झालें व अखेरीस पडलें तें श्रीमंत. ‘व्हेस्टल’चें नशीब कीं त्याचें आद्याक्षर शेवटच्या अक्षरांपैकीं होतें ! कोशांतील लेखाच्या लांबीवरून जहाजाचें महत्त्व अजमावणारानें हें विसरतां कामा नये. मागाहून आंतरजालावर कित्येक लेख नव्यानें व विस्तारानें लिहिले गेले आहेत. तेवढ्यापुरता हा दोष सुधारला आहे.

तिसरा दोष आमच्या मतें सर्वांत मोठा. मुद्रित खंडांतील लेखांखालीं आधार दिलेला नाहीं. कोणतें वाक्य प्रत्यक्ष नोंदीवरून, कोणतें लढाईनंतर जहाजावरील अधिकाऱ्यांनीं घाईनें लिहिलेल्या टांचणावरून, आणि कोणतें जुन्या वर्तमानपत्रावरून, हें वाचकास कळण्यास मार्ग नाहीं. निवेदन एकाच सपाट आवाजांत चालतें. म्हणून सर्व वाक्यें सारख्याच तोलाचीं भासतात. आपल्याकडे एखाद्या बखरकारानें जुन्या यादीवरून उतरलेलें वाक्य आणि चावडीवर ऐकलेली गोष्ट एकाच दमांत सांगितली म्हणजे जें होतें, तेंच येथें झालें आहे.

(३) कोशाखालचा कागद

मग ह्या निवेदनाखालीं अस्सल कागद कोणता ? तो म्हणजे जहाजाची लॉगवही. दिवसाचे पहारे पाडलेले असतात, बहुतेक चार-चार तासांचे. प्रत्येक पहाऱ्याचा अधिकारी आपल्या वेळांत जें घडलें तें लिहून खालीं सही करतो : जहाज कोठें आहे, कोणत्या दिशेनें व किती वेगानें जात आहे, वारा कसा, वायुभारमापकाचा पारा किती, कोण गैरहजर, कोणास शिक्षा, कोण मेलें, किती शिधा चढला. वाङ्मय म्हणून ह्या वह्यांत कांहीं नाहीं. वर्षांतून एकच अपवाद : एक जानेवारीच्या पहिल्या पहाऱ्याची नोंद पद्यांत लिहिण्याची जुनी चाल आहे, आणि त्या पद्यांतसुद्धां नांगर किती साखळीवर आहे व शेजारीं कोणतीं जहाजें आहेत हें बसवावेंच लागतें. आमच्या शाळेंतील समस्यापूर्तीची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे. महायुद्धांतील ‘वॉर डायरी’ म्हणजे युद्धरोजनिशा ह्या निराळ्या. त्या वरिष्ठांकडे पाठविण्यासाठीं लिहिलेल्या, म्हणून अधिक सांगणाऱ्या, पण त्याच कारणानें अधिक सावधपणें वाचाव्या लागणाऱ्या. हे दोन्ही संग्रह आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दप्तरखान्याच्या ताब्यांत आहेत व त्यांचीं छायाचित्रेंही क्रमाक्रमानें प्रसिद्ध होत आहेत.

ह्या वह्यांची किंमत खलाशांनीं स्वतः किती ओळखली होती, ह्याचें एक उदाहरण देतों. ‘जेनेट’ हें जहाज कप्तान डी लाँग याच्या हुकमतीखालीं उत्तर ध्रुवाकडे गेलें, १८७९ सालीं बर्फांत अडकलें, आणि जून १८८१ मध्यें बर्फानें चिरडून बुडालें. लोक बर्फावरून होड्या ओढीत सैबेरियाच्या किनाऱ्याकडे निघाले. ओझें कमी करण्यासाठीं एकेक वस्तु टाकीत जावयाची अशी ती दशा. तरी लॉगवह्या टाकल्या नाहींत. लीना नदीच्या मुखाजवळ डी लाँग व त्याचे बहुतेक सोबती भुकेनें व थंडीनें मेले. मागें राहिलेल्या मेलव्हिल नांवाच्या अधिकाऱ्यानें शोध करून कागद हस्तगत केले. त्या वेळीं त्या आंकड्यांचा उपयोग कोणास दिसत होता ? आज ध्रुवप्रदेशाचें हवामान कसकसें बदलत गेलें हें काढणारे विद्वान् त्याच वह्यांतील पारा व वारा यांच्या नोंदी उतरून घेत आहेत. लिहिणाराच्या मनांत नसलेल्या प्रश्नाचें उत्तर देणें, हा अस्सल कागदाचा धर्मच आहे. बखरीस तें साधत नाहीं. कारण ती एका प्रश्नाचें उत्तर म्हणूनच लिहिलेली असते.

(४) ‘कॉन्स्टेलेशन’चा वाद आणि बनावट कागद

आतां जें प्रकरण सांगावयाचें आहे, तें संग्राहक मंडळींनीं विशेष लक्ष देऊन वाचावें.

‘कॉन्स्टेलेशन’ नांवाचें तीन डोलकाठ्यांचें लढाऊ जहाज ७ सप्टेंबर १७९७ रोजीं बाल्टिमोर येथें पाण्यांत उतरलें. कप्तान ट्रक्सटन याच्या हाताखालीं त्यानें ९ फेब्रुवारी १७९९ रोजीं ‘लॅन्सुर्जांत’ हें फ्रेंच जहाज पकडलें. अमेरिकेच्या बालआरमाराचा तो पहिला मोठा विजय. १८५३ सालीं हें जहाज नॉर्फकजवळच्या गॉस्पोर्ट गोदींत मोडीत निघालें, आणि त्याच गोदींत, त्याच नांवाचें, थोडेंबहुत जुनें लांकूड वापरलेलें दुसरें जहाज १८५४ सालीं पाण्यांत उतरलें. तें जुन्याहून लांब व निराळ्या घाटाचें होतें. दुरुस्तीच्या नांवाखालीं नवें जहाज उभें करावयाचें, म्हणजे नव्या जहाजासाठीं लोकसभेकडे वेगळा पैसा मागावा लागत नाहीं, ही त्या काळच्या आरमारखात्याची युक्ति होती. सरकारी हिशेबांतील ह्या एका शब्दानें, ‘दुरुस्ती’ ह्या शब्दानें, पुढें शंभर-सवाशें वर्षांचा घोळ केला.

१९१४ सालीं बाल्टिमोरच्या शताब्दि-उत्सवांत हें दुसरें जहाज पहिलें म्हणून मिरविलें गेलें. १९५५ सालीं तें कायमचें बाल्टिमोरास आलें व १७९७ च्या जहाजाचा घाट देण्याकरितां त्याच्या अंगावर सुतारकाम सुरू झालें. हॉवर्ड चॅपेल या जहाजशास्त्रज्ञानें १९४९ च्या आपल्या ग्रंथांत हें जहाज १७९७ चें नव्हे असें स्पष्ट म्हटलें होतें. प्रतिपक्षानें उत्तरें दिलीं. १९७० सालीं दोन्ही पक्षांचे लेख एकत्र छापले गेले. प्रतिपक्षाच्या हातीं पुरावा होता, आणि तोही अस्सल म्हणून दप्तरांतून निघालेला. पुढें डेना वेगनर व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९९१ सालीं ‘फाउल्ड अँकर्स’ हा अहवाल प्रसिद्ध केला आणि त्यांत दाखवून दिलें कीं, ह्या पुराव्यांतील महत्त्वाचे कागद बनावट होते. जुने म्हणून पुढें आणलेले ते कागद अलीकडे तयार केलेले होते. वाद मिटला. १९९६ ते १९९९ च्या जीर्णोद्धारांत जहाजास त्याचें खरें, १८५४ चें, रूप परत दिलें गेलें.

नैयायिक म्हणतील कीं, एक अवयव काढला कीं जुना अवयवी नष्ट होतो व नवा उत्पन्न होतो. म्हणून ‘तेंच जहाज’ हा शब्दप्रयोगच सैल आहे. दर्शनांत हें ठीक आहे. इतिहासांत प्रश्न इतका सूक्ष्म नव्हता. तो साधा होता, कीं कागद खरा कीं खोटा. आणि तो सुटावयास इतकीं वर्षें लागलीं, ह्याचें कारण खोटा कागद लोकांस हव्या असलेल्या गोष्टीची साक्ष देत होता. जो कागद आपल्या मनांतली इच्छा पुरवितो, त्याची शाई दोनदां तपासावी, हा ह्या प्रकरणाचा बोध आहे. आपल्याकडे घराण्याची प्राचीनता, वतनाचा हक्क किंवा एखाद्या थोर पुरुषाचें आपल्या गांवीं येणें सिद्ध करणारे कागद नेमके हवे तेव्हांच सांपडतात. तेथें हाच नियम लावावा.

ह्यांत एक दुःखाची गोष्ट आहे, ती सांगितल्याविना पुढें जाववत नाहीं. १८५४ चें जहाज स्वतःच्या हक्कानें मानाचें होतें. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील गस्तींत त्यानें २५ सप्टेंबर १८६० रोजीं ‘कोरा’ नांवाचें गुलामांचें जहाज पकडलें व त्यांतील ७०५ माणसांची सुटका केली. उसनी कीर्ति अंगावर चढविण्याच्या नादांत ही स्वतःची कीर्ति कित्येक वर्षें झांकून राहिली. बनावट कागद केवळ खोटें सांगत नाहीं. तो खऱ्याची जागाही अडवितो.

(५) समकालीन नोंदही चुकते

येथवर वाचून कोणी असें म्हणेल कीं, आम्ही लॉगवहीस वेदवाक्य मानतों. तसें नाहीं. नोंद समकालीन असली म्हणजे ती पाहिलेलें सांगते. समजलेलें सांगतेच असें नाहीं. २० नोव्हेंबर १९४४ रोजीं उलिथी ह्या प्रवाळबेटाच्या खाजणांत ‘मिसिसिनेवा’ हें तेलवाहू जहाज स्फोट होऊन बुडालें; ६३ माणसें मेलीं. जवळच्या जहाजांनीं ज्वाळा पाहिल्या, धूर पाहिला. पण हा घाव जपानी ‘काइतेन’चा, म्हणजे आंत माणूस बसून चालविणाऱ्या आत्मघाती पाणसुरुंगाचा होता, आणि तें त्याचें पहिलेंच सावज होतें, हें शत्रुपक्षाकडील माहिती हातीं आल्यावर नीट उलगडलें. एका पक्षाच्या दप्तरावरून लढाईचा इतिहास पुरा होत नाहीं, हें पानिपताच्या अभ्यासकांस सांगावयास नको.

उलट, जेथें मुख्य कागदच नष्ट झाला, तेथें शेजारच्या क्षुल्लक कागदानें काम भागविल्याचें उदाहरण ‘इंडियानापोलिस’चें आहे. ३० जुलै १९४५ च्या मध्यरात्रीनंतर हें मोठें लढाऊ जहाज ग्वामहून लेतेकडे जात असतां जपानी पाणबुडीच्या माऱ्यानें थोड्याच मिनिटांत बुडालें. लॉगवही त्याच्याबरोबर गेली. वांचलेले लोक दिवसेंदिवस पाण्यांत तरंगत राहिले. कप्तान मॅक्व्हे याच्यावर खटला होऊन तो दोषी ठरला. अमेरिकी लोकसभेनें त्यास निर्दोष म्हणून ठराव केला तो २००० सालीं, त्याच्या मृत्यूनंतर बत्तीस वर्षांनीं. जहाज नेमकें कोठें बुडालें हें सत्तर वर्षें कळलें नाहीं. मग आरमाराच्या इतिहासखात्यांतील रिचर्ड हल्व्हर यांस एका जुन्या खलाशाची आठवण वाचावयास मिळाली, कीं आमच्या माल उतरविण्याच्या जहाजावरून आम्हीं बुडण्यापूर्वीं अकरा तास ‘इंडियानापोलिस’ला जातांना पाहिलें. त्या जहाजास नांवसुद्धां नव्हतें, ‘एल. एस. टी. ७७९’ एवढा क्रमांक. हल्व्हर यांनीं त्या क्रमांकाच्या जहाजाचे कागद काढून आठवण ताडून पाहिली, ती जुळली, आणि शोधाचें क्षेत्र पश्चिमेकडे सरकलें. १९ ऑगस्ट २०१७ रोजीं साडेपांच हजार मीटरांहून अधिक खोलीवर अवशेष सांपडले.

पुढें माणसांचा आंकडाही दुरुस्त झाला. जहाजावर १,१९६ माणसें होतीं असें वर्षानुवर्षें छापलें जात होतें. २०१८ सालीं असें ठरलें कीं होतीं १,१९५, वांचलीं ३१६ व मेलीं ८७९. फरक एका माणसाचा. तो जहाज निघण्यापूर्वींच उतरला होता, पण यादींत राहून गेला होता. एका माणसासाठीं सत्तर वर्षांनीं यादी पुन्हां वाचणें, ह्यास आम्ही संशोधन म्हणतों.

(६) ठाण्यांचा इतिहास

दुसऱ्या ग्रंथाचा विचार आतां करूं. १९४७ च्या ठाण्यांच्या इतिहासाचा मोठा गुण असा कीं, जें काम कोणी गौरवीत नाहीं तेंच त्याचा नायक आहे. जानेवारी १९४२ मध्यें रिअर ॲडमिरल बेन मोरील यांच्या खटपटीनें बांधकाम करणाऱ्यांच्या पलटणी उभ्या राहिल्या. त्यांस ‘सीबी’ म्हणत. सुतार, लोहार, गवंडी, नळकाम करणारे असे कसबी लोक सैन्याच्या शिस्तींत आणून बेटाबेटांवर पाठविले. ठाण्यांचे साचे आधींच ठरविलेले : मोठ्या ठाण्याचें सांकेतिक नांव ‘लायन’, मध्यमाचें ‘कब’, विमानांच्या ठाण्याचें ‘एकॉर्न’. म्हणजे सिंह, सिंहाचा छावा आणि ओकवृक्षाचें फळ. सामानाची यादी अगोदर तयार, बेट मागाहून. हें वाचतांना आमच्या मनांत शिवकालीन दुर्गांची तरतूद आली : गड लढतो तो तटावर, पण टिकतो तो अंबारखान्यावर व पाण्याच्या टांक्यावर.

ग्रंथाचा दोष त्याच्या गुणाच्या पोटींच आहे. तो बांधणाराचा ग्रंथ आहे. बांधून झालें कीं त्याचें लक्ष उडतें. धांवपट्टी किती फूट, कोठार किती, धक्का किती लांब, हें सर्व मिळतें. त्या धक्क्यावर पुढें रोज काय घडलें तें मिळत नाहीं. आणि ज्यांच्या भूमीवर हें उभें राहिलें, त्यांचें म्हणणें त्यांच्या तोंडून कोठेंच येत नाहीं. उलिथीच्या मोगमोग बेटावरील लोकांस दुसऱ्या बेटावर नेऊन ठेविलें व मोगमोग खलाशांच्या करमणुकीस दिलें. एस्पिरितु सांतु येथें युद्ध संपल्यावर उरलेलीं यंत्रें व मोटारी समुद्रांत ढकलून दिल्या. ती जागा आजही ‘मिलियन डॉलर पॉइंट’ ह्या नांवानें ओळखतात. ठाण्याचा इतिहास तें मोडल्यावरही चालूच राहतो, हें ग्रंथकारांस १९४७ सालीं दिसणें कठीण होतें; वाचकास आज तें दिसलें पाहिजे.

शिवाय कांहीं ठाणीं जमिनीवर नव्हतींच. उलिथीचें ठाणें मुख्यतः पाण्यावर होतें : तेलाचीं जहाजें, दुरुस्तीचीं जहाजें, तरत्या गोद्या, शिध्याचीं जहाजें, सर्व नांगरून ठेविलेलीं. कार्टर यांच्या सेवापथकाचा हा कारभार. मोहीम पुढें सरकली कीं ठाणें नांगर उचलून निघून जाई. अशा ठाण्याचें स्वतंत्र दप्तर कोठून असणार ? त्याचा इतिहास त्या त्या जहाजाच्या लॉगवहींत विखुरला आहे. म्हणून आम्ही म्हणतों कीं जहाजकोश व ठाण्यांचा इतिहास हे दोन ग्रंथ वेगळे ठेवून वाचणें हीच मूळ चूक आहे.

‘माउंट हूड’चें प्रकरण हें स्पष्ट करतें. हें दारूगोळ्याचें जहाज १० नोव्हेंबर १९४४ रोजीं मानुस बेटाच्या सीॲडलर बंदरांत सुमारें ३,८०० टन दारूगोळ्यासह उडालें. जहाजावरचें कोणीही वांचलें नाहीं; कामासाठीं किनाऱ्यावर गेलेले अठरा लोक तेवढे राहिले. मृत म्हणून निश्चित ४५, बेपत्ता ३२७, जखमी ३७१. सुमारें ३५० यार्डांवर ‘मिंडानाओ’ हें दुरुस्तीचें जहाज होतें. त्याचे ८२ लोक मेले. स्फोटाचें निश्चित कारण चौकशींत ठरलें नाहीं. जुलैंत सेवेंत आलेल्या जहाजाचें चरित्र नोव्हेंबरांत संपलें, आणि तें संपल्याची हकीकत त्याच्या स्वतःच्या कागदांत नाहीं. ती शेजाऱ्यांच्या कागदांत आहे. आपल्या इतिहासांतही एखाद्या जळालेल्या वाड्याची हकीकत शेजारच्या सावकाराच्या वहींतच सांपडते.

(७) मुंबई बंदर, आणि आमचा एक अपराध

ह्या कागदांचा धागा आपल्या किनाऱ्यासही लागतो. अमेरिका युद्धांत अधिकृतपणें उतरण्यापूर्वींच, नोव्हेंबर १९४१ मध्यें, हॅलिफॅक्सहून ब्रिटिश फौज घेऊन अमेरिकी जहाजांचा तांडा निघाला. त्यांतील ‘वेस्ट पॉइंट’ व ‘वेकफील्ड’ हीं जहाजें, पूर्वीचीं ‘अमेरिका’ व ‘मॅनहॅटन’ नांवाचीं उतारूंचीं जहाजें, २७ डिसेंबर १९४१ रोजीं मुंबईस आलीं. तेथून तीं सिंगापुरास गेलीं. ३० जानेवारी १९४२ रोजीं ‘वेकफील्ड’वर बाँब पडून पांच माणसें मेलीं, तें जहाज निराश्रितांस घेऊन निघालें व तात्पुरत्या दुरुस्तीसाठीं मुंबईच्या गोदींत आलें. जहाजकोशांत ह्या मुक्कामास एक-दोन वाक्यें आहेत. लॉगवही उघडून ती मुंबईच्या पुराभिलेखागारांतील बंदर व गोदी यांच्या कागदांशीं ताडून पाहिल्यास त्या दिवसांतील मुंबईचें एक पान भरून निघेल. एखाद्या तरुण अभ्यासकानें हें काम अंगावर घ्यावें.

शेवटीं एक कबुली. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं, आम्ही नुकतेच शिक्षक झालों असतां, कोंकणांतील एका खाडीकांठच्या गांवीं जुन्या गलबतवाल्यांच्या घरीं कागद पाहण्यास गेलों होतों. यजमानांनीं माळ्यावरून दोन पेट्या काढल्या. एकींत मुद्रांकित पत्रें होतीं. दुसरींत गलबतांच्या फेऱ्यांच्या वह्या, कोणत्या तिथीस कोणत्या बंदरीं किती माल उतरला, तांडेल कोण, सुकाणीं कोण, वारा कसा. आम्हीं चार पत्रें उचललीं. यजमान म्हणाले, “गुरुजी, ह्या वह्याही घेऊन जा. घरांत जागा नाहीं, आणि वाळवी लागली आहे.” आम्हीं हंसून म्हटलें, “काका, ह्यांत नुसते नारळांचे आंकडे. ह्यांत इतिहास कोठें आहे ?” पुढच्या दिवाळींत गेलों तेव्हां पेटी रिकामी होती. पावसाळ्यांत वाळवीनें बहुतेक खाल्ल्या व उरल्या त्या बंबांत गेल्या. त्या चार पत्रांपैकीं दोन पूर्वींच छापलेलीं निघालीं. त्या वह्या मात्र दुसऱ्या कोठेंही नव्हत्या.

‘एल. एस. टी. ७७९’ची हकीकत वाचली तेव्हां आम्हांस ती रिकामी पेटी आठवली. हा लेख लिहिण्याचें खरें कारण तेंच आहे.

एकंदरींत, जहाजकोश हा संग्रहणीय ग्रंथ आहे; त्याचा उपयोग शोधाचा आरंभ म्हणून करावा, शेवट म्हणून करूं नये. त्यांतील तारखा व नांवें सहसा विश्वसनीय. स्तुतिवाक्यें वगळून वाचावीं. जेथें प्रश्न नाजूक तेथें लॉगवहीपर्यंत गेल्याशिवाय लेखणी उचलूं नये. ठाण्यांचा इतिहास त्याच्या शेजारींच उघडून ठेवावा. आणि आमच्या संग्राहक मित्रांस एवढीच विनंति : ह्या वर्षीं ज्याच्या घरीं कागद पाहण्यास जाल, त्याच्याकडील पत्रें तर घ्याच, पण रोजमेळाच्या वह्या, हजेरीपट, शिध्याच्या याद्या ह्या आधीं उचला. पत्रें कोणीतरी जपतोच. वह्यांस आपल्यावांचून कोणी नाहीं.